एक फूट फाटलं, म्हणून अख्खा हॉल?

"याचं आता काही होत नाही, पूर्ण बदलावं लागेल."

हे वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे. मोबाइलच्या दुकानात ऐकलंय, गॅरेजमध्ये ऐकलंय, वॉशिंग मशीन बघायला आलेल्या माणसाकडून ऐकलंय. मी ते इथे फक्त घराच्या जमिनीपुरतं घेणार आहे. म्हणजे लाकडासारख्या किंवा संगमरवरासारख्या दिसणाऱ्या त्या शीटपुरतं, जिला कुणी लिनोलियम म्हणतं, कुणी विनाइल आणि दुकानदार सरळ 'कार्पेट' म्हणतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये, पीजीत, दवाखान्यात, पार्लरमध्ये, क्लासच्या खोल्यांत ती असते. ती फाटते, भाजते, फुगते, तिच्या कडा वळतात. आणि दर वेळी कुणीतरी कमरेवर हात ठेवून हे वाक्य म्हणतं.

माझं म्हणणं असं की जमिनीच्या शीटबाबत हे वाक्य बहुतेक वेळा खोटं असतं. ते तांत्रिक मत असल्याच्या आवाजात बोललं जातं, पण त्यामागे हिशेब असतो आणि तो आपला नसतो. आणि ते सगळ्यात लवकर पटतं ते आपल्यासारख्यांना. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, वर्कशॉपच्या तासाला लोखंडाचा एक चौकोनी तुकडा घासून जर्नल सबमिट केलं, आणि त्यानंतर हातात कीबोर्डशिवाय दुसरं हत्यार धरलं नाही, अशा लोकांना.

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण अर्धी फसवणूक नावातच आहे.

लिनोलियम ही खरी, वेगळी वस्तू आहे. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाला रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर धरलेली रबरासारखी साय दिसली. हवेतला ऑक्सिजन लागून तेल घट्ट होतं, हे बघून त्यानं त्यात राळ, बुचाच्या झाडाचा भुगा आणि रंग मिसळले, ते मिश्रण कापडावर लाटलं, आणि १८६३ मध्ये पेटंट घेतलं. नाव लॅटिनमधून जुळवलं: लिनम म्हणजे जवसाचं झाड, ओलियम म्हणजे तेल. मागचं कापड तागाचं असतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला जवस जायचं ते रशियातून आणि हिंदुस्थानातून, आणि ताग तर बंगालचाच. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि मध्य प्रांतातला गहू, जवस मुंबई बंदराकडे जाऊ लागला. आमच्या वर्धेकडे ज्याची चटणी भाकरीबरोबर खातात, त्या जवसावर लंडनमधली माणसं बूट घालून चालत होती. (आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग? चटणी कमी पडली का तुला?")

१८७८ मध्ये इंग्लंडच्या कोर्टानं ठरवलं की 'लिनोलियम' हे आता कुणा एका कंपनीचं नाव राहिलेलं नाही, ते वस्तूचंच नाव झालंय. वॉल्टनची कंपनी हरली. पण त्या नावाचं पुढे जे झालं ते जास्त वाईट. विसाव्या शतकात पीव्हीसी आलं, स्वस्त पडलं, आणि जमिनीवर अंथरायच्या कुठल्याही गुळगुळीत गुंडाळीला लोक लिनोलियम म्हणू लागले. खरं लिनोलियम आजही नेदरलँड्समध्ये आणि स्कॉटलंडमध्ये बनतं. तुमच्या-माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जे आहे ते जवळपास नक्की पीव्हीसी आहे, म्हणजे प्लास्टिक. मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं, वर लाकडाचा फोटो छापलेला असतो आणि त्या फोटोवर एक पारदर्शक पापुद्रा असतो.

ओळखायचं असेल तर कड उचलून बघा. खऱ्या लिनोलियमचा रंग वरून खालपर्यंत आरपार असतो आणि मागे तागाचे धागे दिसतात. पीव्हीसीत थर दिसतात: पापुद्रा, छपाई, पांढरट फेस, कधी फेल्ट. तेलाचा वास की प्लास्टिकचा, हेही नाकाला लगेच कळतं. पण काडी लावून बघू नका, पीव्हीसी जळताना जो धूर येतो त्यात हायड्रोजन क्लोराइड असतं.

हा फरक फक्त माहितीपुरता नाही. खऱ्या लिनोलियमला भोक पडलं तर त्याच लिनोलियमचा एखादा तुकडा किसून, तो भुगा चिकट्यात कालवून खड्ड्यात भरता येतो, आणि सुकल्यावर घासून सपाट करता येतो. रंग आरपार असल्यामुळे ते दिसतही नाही. पीव्हीसीला हे जमत नाही. वरचा फोटो गेला की गेला, तिथे तुकडाच बसवावा लागतो. उलट धुण्याचा सोडा किंवा तसलंच तीव्र अल्कलीचं पाणी खऱ्या लिनोलियमला खातं, पीव्हीसीला त्याचं फारसं काही वाटत नाही. तेव्हा परदेशातला व्हिडिओ बघून तुम्ही पीव्हीसी किसायला बसलात तर फसणारच, आणि मग "बघ, मी म्हटलं नव्हतं का, काही होत नाही" म्हणणारा शेजारी उभाच असतो.

आता माझं प्रकरण.

पुण्यात आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहायचो. हॉल १४ बाय ११. खाली मालकांनी घातलेली लाकडाच्या डिझाइनची शीट, त्यांच्याच सांगण्यानुसार सहा वर्षं जुनी. आम्ही घर सोडणार होतो, म्हणून एका रूममेटचा फ्रिज न्यायला सामान हलवणारी माणसं आली. फ्रिजच्या पायाखाली शीट अडकली आणि वीतभर लांब, चार बोटं रुंद अशी जीभ निघाली. मालकांना फोटो पाठवला. अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर उत्तर आलं: पूर्ण हॉल बदलावा लागेल, १५४ चौरस फूट, १२० रुपयांनी १८,४८०, डिपॉझिटमधून कापतो.

गणित बरोबर होतं, मी तपासलं. पण १५४ चौरस फुटांत फाटला होता जेमतेम एक.

जीभ उचलून बघितली तर खाली जुनी मोझॅकची फरशी, आणि नेमकी तिथली एक टाइल कोपऱ्यात फुटून खड्डा पडलेला. शीट तिथे सहा वर्षं अधांतरी होती. म्हणजे फ्रिज निमित्त झाला. आपल्याकडे निम्म्या भाड्याच्या घरांत ही शीट असतेच त्यासाठी, खालची फुटकी फरशी झाकायला. एजंट फ्लॅट दाखवताना 'वुडन फ्लोअरिंग' म्हणतो. घर देताना झाकलेला खड्डा घर सोडणाऱ्याच्या नावावर चढतो, ही यातली खरी चीड आणणारी गोष्ट.

त्या रविवारी मी ती शीट दुरुस्त केली. कशी, ते सविस्तर सांगतो, कारण 'काही होत नाही' या वाक्याला एवढंच उत्तर आहे.

पहिला प्रश्न तुकडा आणायचा कुठून. सहा वर्षांपूर्वीचं डिझाइन बाजारात मिळत नाही. पण प्रत्येक घरात त्याच शीटचे काही फूट कुणालाही न दिसणारे असतात: कपाटाखाली, ओट्याखाली, दाराच्या मागे. आमच्याकडे मालकांचं लोखंडी कपाट होतं. ते सरकवून त्याखालून फाटलेल्या भागापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठा तुकडा कापला. कापताना छापलेल्या फळ्यांच्या रेघा बघून कापला, त्या महत्त्वाच्या.

मग खड्डा. तो न भरता वर तुकडा लावणं म्हणजे पुढच्या फ्रिजची सोय करून ठेवणं. फाटलेली जीभ बाजूला करून, आतली माती ब्रशनं काढून, पांढरं सिमेंट भरलं आणि पट्टीनं सपाट ओढलं. ते वाळायला वेळ लागतो, म्हणून हे काम खरं तर शनिवारी रात्रीच करून ठेवलं होतं.

आता मुख्य युक्ती. नवा तुकडा फाटलेल्या जागेवर ठेवायचा, डिझाइनच्या रेघा खालच्या रेघांशी तंतोतंत जुळवायच्या आणि मास्किंग टेपनं चारही बाजूंनी घट्ट चिकटवायचा. मग लोखंडी पट्टी धरून, नव्या पात्याच्या कटरनं, वरचा आणि खालचा असे दोन्ही थर एकाच वेळी कापायचे. पातं उभं धरायचं, तिरकं नाही. एका दमात आरपार जाण्याचा हट्ट धरायचा नाही, त्याच रेघेवर दोन-तीनदा फिरवायचं. दोन्ही थर एकाच कापानं कापले गेल्यामुळे वरचा तुकडा खालच्या भोकात जसाच्या तसा बसतो. तुमचा काप थोडा वाकडा गेला तरी बसतो, कारण दोन्ही सारखेच वाकडे. माप घ्यायची गरजच नाही. ही युक्ती मी पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा मला जो आनंद झाला तो कुठल्याही प्रॉडक्शन रिलीजनंतर झालेला नाही.

काप छापील फळ्यांच्या रेघेवरून गेला तर जोड रेघेतच लपतो. संगमरवराचं डिझाइन असेल तर तिथल्या शिरेच्या वळणानं कापावं.

चिकटवण्याबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. पांढरा फेव्हिकॉल लाकडाला छान, कारण लाकूड त्यातलं पाणी पितं. पण खाली गुळगुळीत टाइल आणि वर प्लास्टिक असेल तर पाण्याला जायला जागाच नाही, तो आठवडाभर ओला राहतो. झटपट चिकटणारा गोंद कडक होतो, पांढरे डाग सोडतो आणि पाय पडला की तडकतो. विनाइलच्या शीटसाठी वेगळं चिकटद्रव्य येतं. बोहरी आळीत दोन दुकानं फिरलो, तिसऱ्यात लहान डबा मिळाला. पातळ थर लावला, तुकडा बसवला, स्वयंपाकघरातलं लाटणं मधून कडेकडे फिरवून हवा काढली, वर बटर पेपर आणि त्यावर दहा किलो आट्याची पिशवी ठेवली ती दुसऱ्या सकाळपर्यंत. जोडावर लावायचं एक द्रवही मिळतं, ते पीव्हीसीच्या दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतं. ते लावताना मात्र खिडक्या सताड उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो. लावलं तर जोडात पाणी शिरत नाही, आणि जमीन रोज पुसायची असेल तर ते लावलंच पाहिजे.

फाटका तुकडा कपाटाखालच्या भोकात बसवला. कटर, पट्टी, टेप, चिकटद्रव्य, सिमेंट सगळं मिळून साडेतीनशे रुपये झाले आणि रविवारचे तीन तास गेले.

दिसतं का? दिसतं. कपाटाखालचा तुकडा ऊन न लागलेला, पाय न पडलेला, त्यामुळे बाकी हॉलपेक्षा जरा उजळ. माहीत असलेल्याला दिसतो. माहीत नसलेले तीन मित्र त्यावर बसून जेवून गेले.

मालकांनी काय केलं? फोटो, बिलं आणि एक सभ्य ईमेल पाठवल्यावर १८,४८० चे सहा हजार झाले. 'फ्लोअरिंग रिप्लेसमेंट' या नावाखाली ते कापले गेलेच. दोन महिन्यांनी नव्या भाडेकरूनं गॅसच्या कनेक्शनबद्दल विचारायला फोन केला. मी सहज विचारलं, हॉलची शीट कशी आहे? तो म्हणाला, "छान आहे, फक्त एका ठिकाणी थोडी जास्त ब्राऊन आहे."

म्हणजे बदलण्याचे पैसे घेतले आणि बदललं काहीच नाही. माझा राग सहा हजारांपुरता असता तर मी हा लेख लिहिला नसता, एखाद्या ग्रुपवर दोन शिव्या दिल्या असत्या. पण विचारायला लागलो तर ऑफिसातल्या दर दुसऱ्या माणसाकडे अशी एक कथा निघाली. इस्त्रीचा डाग, पूर्ण बेडरूम. खुर्चीच्या चाकांनी झिजलेला गोल, पूर्ण हॉल. रबराच्या पायपुसण्याखाली पडलेला पिवळा डाग, पूर्ण पॅसेज. (रबरातली रसायनं विनाइलमध्ये उतरतात आणि तो डाग निघत नाही. रबराच्या पाठीचं पायपुसणं शीटवर ठेवू नका.)

कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७३: करार मोडल्यामुळे जे नुकसान साहजिकपणे झालं, त्याची भरपाई. सहा वर्षं वापरलेल्या शीटच्या एका फुटाचं नुकसान म्हणजे नव्या कोऱ्या १५४ फुटांची किंमत, हे त्यात कसं बसतं ते मला कुणी समजावून सांगावं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम १०८ मध्ये भाडेकरूनं जागा होती तशी परत द्यावी असं आहे, पण वाजवी झीज वगळून. आता यात एक मेख आहे. आपण सही करतो तो 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार, आणि लायसन्स म्हणजे भाडेपट्टा नव्हे. त्यामुळे १०८ सरळ लागू होत नाही, आणि करारात झीज हा शब्द नसेल तर त्यावर भांडायला पाया ठिसूळ होतो. २०२१ मध्ये केंद्रानं आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. राज्यानं स्वीकारला तरच तो लागू होतो. त्याच्या परिशिष्टात कोणती दुरुस्ती कुणी करायची याची यादी आहे. नळाचे वॉशर भाडेकरूचे, भिंतींची रंगरंगोटी मालकाची. बाथटबचीसुद्धा नोंद आहे, तो भाडेकरूनं दुरुस्त करायचा. जमिनीच्या आच्छादनाचा उल्लेख नाही. दिल्लीत बसून मसुदा लिहिणाऱ्याला भारतीय भाडेकरूच्या घरात बाथटब दिसला आणि पायाखालची शीट दिसली नाही.

मालकांवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही, हेही खरं. शीट घालणाऱ्या एका कारागिराला मी विचारलं, तुम्ही एवढा तुकडा बसवून द्याल का? तो हसला. "दादा, फुटाच्या भावात दुरुस्ती बसत नाही." सगळी मेख इथे आहे. जमिनीच्या कामाचा भाव चौरस फुटावर असतो. १५४ फूट घातले तर दिवसाची मजुरी सुटते. एक फूट बसवायला गाडी काढायची, डिझाइन जुळवायचं, दोन तास गुडघ्यावर बसायचं आणि मागायचे किती? पाचशे मागितले तर आपणच म्हणणार, "एका फुटाचे पाचशे?" मग तो शहाणा माणूस म्हणतो, पूर्ण बदलावं लागेल. तो लबाड आहे असं मला वाटत नाही. त्याच्या कामाला वेळेचा भाव आपण ठेवलेलाच नाही. आपण स्वतः मात्र तासावर बिल लावतो.

तासावरून आठवलं. एका मित्रानं मला सुनावलं की तुझा तासाचा रेट धरला तर ही दुरुस्ती मालकाच्या बिलापेक्षा फार स्वस्त पडली नाही. हा युक्तिवाद आमच्या धंद्यात फार लोकप्रिय आहे. पण रविवारी सकाळी ते तीन तास मला कुणीही विकत घेणार नव्हतं. शिवाय हाच मित्र रोज रात्री दोन तास रील्स बघतो, तेव्हा त्याचा रेट कुठे जातो माहीत नाही. आमच्याकडे एखाद्या जुन्या प्रोजेक्टमध्ये एक बग निघाला की पहिल्या आठवड्यात आलेला मुलगा म्हणतो, हे सगळं नव्यानं लिहायला हवं. असं म्हणणाऱ्यानं सहसा जुना कोड वाचलेला नसतो.

दुसऱ्या बाजूनं जे येतात त्यांच्याशीही माझं पटत नाही. "आपल्याकडे पूर्वी सगळं दुरुस्त करूनच वापरायचे हो, आता ही थ्रो-अवे संस्कृती आली." माझ्या आजीच्या घरात मातीची जमीन होती. पोपडे निघाले की माती कालवून तेवढाच खड्डा भरायचा, चोपायचा, मग शेणानं सारवायचं. तत्त्व तेच, फाटलं तेवढंच सांधायचं. पण ते कोण करायचं? आजी आणि काकू. आठवड्याला, सणाला, पावसाळ्यात तर जास्तच, गुडघ्यावर बसून. त्यांना त्याचा एक पैसा कधी मिळाला नाही आणि कुणी त्याला 'काम' म्हटलं नाही. घरात शहाबादी फरशी बसली तेव्हा आजी तिच्यावरून नुसतीच चालत बसली होती म्हणे, त्या टोकापासून या टोकापर्यंत. तिचं बरोबर होतं. तेव्हा दुरुस्तीच्या जुन्या दिवसांबद्दल उसासे टाकणाऱ्या काकांनी आधी एक हॉल सारवून दाखवावा. मला ते दिवस परत नको आहेत. मला दुरुस्तीला मजुरी हवी आहे, आणि फुकट करायची असेल तर पुरुषांचे गुडघेही जमिनीला टेकलेले हवे आहेत.

काही ठिकाणी खरंच बदलावं लागतं, ते न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. तळमजल्यावर जमिनीतून ओल वर येत असेल तर शीट फुगते, खाली काळी बुरशी धरते, आणि तुम्ही कितीही तुकडे लावा, पुढच्या जुलैत ते सुटतात. तपासणं सोपं आहे: शीट बाजूला करून दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून जमिनीवर चिकटवा आणि दिवसभर ठेवा. खालच्या बाजूला दव जमलं किंवा जमीन काळवंडली तर दोष शीटचा नाही, जमिनीचा आहे. तिथे नवी शीटही टिकणार नाही, म्हणजे तिथेसुद्धा 'पूर्ण बदला' हे उत्तर चूकच. दुसरं, चाळीस-पन्नास वर्षं जुन्या इमारतीतल्या मूळच्या विनाइल टाइल्स किंवा शीट असतील तर त्यांना हात लावू नका, खरवडू नका, घासू नका. त्या काळच्या काही मालात ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. तिथे ते न उचलता वरून झाकणं हेच शहाणपण.

एवढं सोडलं तर बाकी सगळं हातानं होण्यासारखं आहे. फुगा आला असेल तर डिझाइनच्या रेघेवर बारीक चीर द्यायची, सिरिंजनं चिकटद्रव्य आत सोडायचं आणि वजन ठेवायचं. कड वळली असेल तर हेअर ड्रायरनं कोमट करून मऊ झाल्यावर दाबायची. कोमट म्हणजे कोमट, पीव्हीसी उष्णतेला फार हळवं असतं, गरम कढईनं ते दाखवून दिलेलंच असतं.

उचकटून टाकलेली शीट जाते कुठे हेही एकदा बघा. भंगारवाला ती घेत नाही, मी विचारलंय. छपाई, फेस, फेल्ट असे एकमेकांना चिकटलेले थर वेगळे करण्यात कुणाला पैसे सुटत नाहीत. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत जात राहिला आणि तिथल्या लोकांनी त्याचा धूर, वास आणि पाणी सोसलं. एका फुटासाठी १५४ फूट उचकटायचे तर उरलेले १५३ फूट धडधाकट प्लास्टिक आपण कुणाच्या तरी गावाच्या वेशीवर नेऊन टाकणार, हेही बिलात लिहायला हवं.

तेव्हा पुढच्या अकरा महिन्यांच्या करारावर सही करण्यापूर्वी एजंटला दोन ओळी घालायला सांगा. एक, वाजवी झीज वगळून. दोन, जमिनीच्या आच्छादनाचं नुकसान झाल्यास भरपाई नुकसान झालेल्या भागापुरती आणि आच्छादनाचं वय धरून ठरेल, आणि दुरुस्तीची पहिली संधी भाडेकरूला मिळेल. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग नोंदणीच्या पैशांत या दोन ओळीही येऊ द्या. एजंट म्हणेल, साहेब फॉरमॅट ठरलेला असतो. फॉरमॅट वर्डमध्ये असतो, बदलतो. सामान आत आणण्याआधी रिकाम्या खोलीत शीटवरून अनवाणी चालून बघा, पायाखाली पोकळ लागेल तिथे खडूनं गोल करा, फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकांना पाठवा.

आणि स्वतःच्या घरात शीट घालणार असाल तर दोन फूट जास्त घ्या. उरलेला तुकडा गुंडाळून, मागे मार्करनं दुकानाचं नाव, डिझाइनचा नंबर आणि तारीख लिहून माळ्यावर टाका. कारागीर तो तुकडा "याचं काय करता" म्हणत नेऊ लागेल, त्याला नेऊ देऊ नका.